सहाव्या स्कायलाइटची वरची पट्टी

४ ऑक्टोबर

ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला. पुन्हा गळतंय. मी विचारलं, कुठे? तर म्हणाल्या, "कुठे म्हणजे? सहाव्या स्कायलाइटखाली. तुम्हाला नवीन आहे का ते?" या बाई ग्रंथपाल आहेत, पण बोलतात मात्र शाळा तपासायला आल्यासारख्या.

ते छप्पर आमचंच. आठ वर्षांपूर्वी जुन्या गोदामाचं ग्रंथालय झालं, तेव्हा पत्रे मी आणि धाकट्या भावाने टाकले. वर एका ओळीत सहा स्कायलाइट, छपरातल्या काचेच्या खिडक्या. उजेड असा की संध्याकाळपर्यंत दिवा लावावा लागत नाही. तीन वर्षांपूर्वी सहावा गळला आणि खालच्या मांडणीवरची ब्रेलची पुस्तकं भिजली. चौकटींभोवतीच्या, पाणी अडवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या धाकट्याने बसवल्या होत्या. चूक त्याची झाली, मी वरून सिलिकॉन मारून गळती बंद केली, विषय संपला. आता पुन्हा कशाला डोकं वर काढावं त्याने?

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "भाऊजी अठ्ठावीसला निघताहेत, माहीत आहे ना?" मी म्हटलं, अगं, मी गळतीचं बोलतोय. "मी पण," म्हणाली. हल्ली हिचं बोलण्याकडे लक्ष नसतं.

६ ऑक्टोबर

ग्रंथालयात जाऊन आलो. छपरावर चढलो नाही, पत्रे ओले होते. खालूनच पाहिलं. सहाव्याच्या वरच्या कोपऱ्यात छताच्या फळीवर डाग आहे. पूर्वी बशीएवढा होता, आता ताटाएवढा झालाय. खाली बादली, आणि बादलीशेजारी बाईंनी एक कागद चिकटवलाय. तारीख, वेळ, पाऊस किती, थेंब किती. अशी गिऱ्हाइकं भेटली की आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

मी म्हटलं, "बाई, ही गळती नाही. घाम आहे. आत माणसं बसतात, त्यांच्या श्वासाची वाफ थंड काचेला लागते, तिचं पाणी होतं आणि टपकतं." हे काही मनाचं नाही सांगितलं. दहातल्या चार तक्रारी घामाच्याच निघतात.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग वर बोट दाखवून म्हणाल्या, "मिस्त्री, खिडक्या सहा आहेत. घाम एकीलाच कसा येतो?"

शेजारच्या टेबलावर ऑपरेटर काका बसले होते. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, दृष्टी नाही, रोज अकराला येऊन त्या मांडणीपाशीच बसतात. ते हसायला लागले. "आणि माणसं बसतात ती पहिल्या खिडकीखाली. वर्तमानपत्रं तिकडे असतात. इकडे मी एकटा. मी एवढा श्वास सोडतो का हो?"

कोरडं ऊन पडलं की पाणी मारून बघतो, असं सांगून निघालो. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही खोड माझी जुनी आहे.

८ ऑक्टोबर

बायकोने धाकट्याकडे एक डबा पोचवायला सांगितला. तिला स्वतःला जायला काय झालं होतं, कोण जाणे. पाय दुखतात म्हणाली. काल बाजारात दोन तास फिरली तेव्हा दुखत नव्हते.

त्याच्या घरात खोकीच खोकी. भावजय भांडी कागदात गुंडाळत होती. "या दादा," म्हणाली आणि खुर्चीवरचे कपडे उचलले. धाकटा अठ्ठावीसला बिऱ्हाड घेऊन तिच्या भावाच्या गावी चाललाय. तिच्या भावाचं फर्निचरचं गोदाम आहे, तिथे माल लावायचं काम. तीन वर्षं इथे पडद्यांच्या दुकानात होता, घरोघरी जाऊन पडद्यांचे रॉड बसवायचा. स्टुलापेक्षा उंच चढला नाही. ग्रंथालयाच्या त्या प्रकारानंतर पुढच्याच कामावर शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबला, उतरला, म्हणाला, दादा, मला गरगरतं. तेव्हापासून छप्पर सुटलं. माकड झाडावर चढतं तसा चढणारा माणूस. मी तेव्हा समजूत घातली होती, होतं असं, वय झालं की होतं. चाळिशीचाही नव्हता तो.

चहा झाला. धाकट्याने विचारलं, "दादा, ग्रंथालयाचं छप्पर बरं आहे ना?"

"एकदम."

"नाही, परवाच्या पावसात आठवण झाली."

"एकदम बरं आहे रे," मी पुन्हा म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. जायच्या वेळी कशाला त्याच्या जिवाला घोर, असा विचार केला असणार.

११ ऑक्टोबर

आज स्वच्छ ऊन. पाण्याचा पाईप घेऊन चढलो.

बाबांची शिकवण अशी की थेंब पडतो तिथे पाणी शिरलेलं नसतं. ते वर कुठेतरी शिरतं, लाकडावरून, पट्टीवरून चालत येतं आणि कंटाळलं की पडतं. म्हणून पाईप खालून वर न्यायचा. एका जागी पंधरा मिनिटं धरायचा, मगच हात वर सरकवायचा. घाई केली तर वरचं पाणी सगळीकडे पसरतं आणि चोर सापडत नाही. वही लिहायचीही त्यांचीच शिकवण. छपराच्या माणसाने आठवणीवर विसंबू नये म्हणायचे, वारा कुठून होता, पाणी कुठे पडलं, काय बसवलं, सगळं टिपून ठेव. टिपता टिपता मी घरचंही लिहायला लागलो.

आत बाई बॅटरी घेऊन उभ्या राहिल्या. ऑपरेटर काकांनी आपणहून खुर्ची बादलीजवळ ओढली. आधी चौकटीची खालची कड. पंधरा मिनिटं. "काही नाही!" मग डावी बाजू. "काही नाही!" उजवी. "काही नाही!" काचेच्या कडा. काही नाही. तासभर झाला, मान भाजून निघाली, धाकट्याची एकही बाजू पाणी आत घेईना. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग पाईप वरच्या कडेला नेला. मोभाकडून, छपराच्या माथ्यावरून उतरणारं पाणी जिथे चौकटीवर येऊन आदळतं ती कड. सहा मिनिटं झाली असतील. आतून काकांची हाक आली, "आलं! आलं! अजून पडलं नाही, फळीवर वाजतंय." दोन मिनिटांनी बाईंचा आवाज, "पडला थेंब!"

दोघं असे खूश झाले की जणू लॉटरी लागली. मी पाईप बंद केला आणि पत्र्यावर बसून राहिलो. वरची पट्टी उचलून बघायला हवी, हे मला तेव्हाच कळलं होतं. ऊन होतं, वेळ होता, हत्यारं होती. उद्या बघू म्हटलं आणि उतरलो.

१२ ऑक्टोबर

उघडली.

आधी माझं तीन वर्षांपूर्वीचं सिलिकॉन खरवडलं. उन्हाने तडकून त्याचे पापुद्रे झाले होते. त्याखाली आणखी एक जुना थर निघाला. हा कुठला? धाकटा वरच्या पट्टीला सिलिकॉन लावत नाही. लागतच नाही. त्याची पट्टी वरच्या पत्र्याच्या पोटाखाली वीतभर आत गेलेली असते, मधे चिकट टेप, त्यामुळे पत्र्यावरून आलेलं पाणी पट्टीवर उतरतं आणि दोन्ही बाजूंनी वाहून जातं. त्यासाठी मोभापर्यंतचे स्क्रू सैल करावे लागतात, अर्धा दिवस मोडतो. पण मग शंभर वर्षं बघायला नको.

ही पट्टी पत्र्याखाली नव्हती. पत्र्यावर ठेवलेली होती. वर सिलिकॉन ओढलेलं आणि चार स्क्रू. सिलिकॉन जगलं तोवर पाणी थांबलं. ते मेलं की प्रत्येक सरीचं पाणी सरळ पट्टीखाली.

आणि ते स्क्रू. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो. तो दाबला जावा, पण चिरडू नये. या चारही वॉशरचं रबर जिभेसारखं बाहेर आलेलं, उन्हाने फाटलेलं. असे स्क्रू फक्त मी आवळतो. धाकटा लहानपणापासून मला सांगत आला, "दादा, स्क्रूचा गळा नको दाबूस." मी त्याला म्हणायचो, शहाणपणा शिकवू नकोस.

पाचव्या स्कायलाइटपाशी गेलो. वरच्या पत्र्याच्या कडेखाली पट्टी शिरलेली, रबर गोल, नितळ. बोट फिरवून पाहिलं. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. सगळे धाकट्याच्या हातचे.

सहावा माझ्या हातचा आहे. कसा झाला, आणि कधी, ते मला आत्ता लिहायचं नाही.

१३ ऑक्टोबर

माळ्यावरून आठ वर्षांपूर्वीची वही काढली. शोधावी लागली नाही. सगळ्या वह्यांवर बोटभर धूळ, ही एक तेवढी सगळ्यांत वर आणि पुसल्यासारखी स्वच्छ. उंदरांची करामत असेल.

त्या दिवसाची नोंद जशीच्या तशी उतरवतो. "ग्रंथालय पूर्ण. उद्या ताबा. धाकट्याला दुपारीच घरी पाठवलं, पोरीला ताप. शेवटचा हात मारायला एकटा चढलो. सहाव्याची वरची पट्टी थोडी वाकडी वाटली, ओळ बिघडत होती. काढून सरळ केली. पत्रा पुन्हा सैल करायला वेळ नव्हता, वरून बसवली, सिलिकॉन दोन नळ्या. आता सहाही एका रेषेत दिसतात. झकास."

शेवटचा हात. आमच्याकडे रिवाज असा की काम कुणीही करो, शेवटी थोरल्याने एकदा वर चढून सगळ्यावरून हात फिरवायचा. बाबांनी पाडला, मी चालवला. बाबा फक्त हात फिरवायचे, चुकलेलं सापडलं तर करणाऱ्याला परत वर पाठवायचे. मला मात्र काहीतरी हलवल्याशिवाय खाली उतरणं कमीपणाचं वाटायचं. पट्टी वाकडी नव्हतीच मुळी. पत्र्याच्या उंचवट्यांवर बसायला तिला तसाच बाक हवा असतो. हे पोरसवदा गड्यालाही कळतं. मला ओळ सरळ हवी होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसा घालून भावाला गावाबाहेर काढायला निघालोय.

१४ ऑक्टोबर

विसरलो होतो का? दिवसभर स्वतःला हेच विचारतोय.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस लिहून काढतो, म्हणजे पळायला वाट उरणार नाही. ओली पुस्तकं टेबलांवर पसरलेली. ब्रेलच्या पुस्तकात शाई नसते, पसरायला काही नसतं. पण कागद भिजला की उठवलेली टिंबं बसतात. ऑपरेटर काका एका पानावरून बोटं फिरवत होते आणि म्हणाले, "या पानावर आता काही नाही." एवढंच म्हणाले. ती पुस्तकं कुणा कुणा माणसांनी संध्याकाळच्या संध्याकाळ बसून हाताने ठोकली होती. दोन मांडण्या गेल्या.

समितीची चार माणसं उभी होती, बाई होत्या, मी आणि धाकटा. कुणीतरी विचारलं, "या खिडक्या कुणी बसवल्या?" मी म्हटलं, "पट्ट्या सगळ्या धाकट्याने बसवल्यात." या वाक्यात खोटं काही नाही, असं तीन वर्षं मी मनाला समजावलं. बसवल्याच होत्या की त्याने सगळ्या. नंतर एक मी काढली, एवढंच.

धाकटा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं असेल माझं."

मग मी वर चढलो. सहाव्यापाशी गेलो, सिलिकॉन ओतलं आणि दहा मिनिटांत उतरलो. गळती शोधायला लोक मला लांबून बोलावतात, छपराचा डॉक्टर म्हणतात, आणि त्या दिवशी मी ना पाईप लावला, ना पट्टी उचलून पाहिली. विसरलेला माणूस पट्टी उचलून बघतो. न बघणाऱ्याला माहीत असतं खाली काय आहे.

लिहिलं. शेवटची ओळ दोनदा गिरवलीय, वाचणाऱ्याला कळेलच. कुणाला कळणार? ही वही कोण वाचतंय.

१७ ऑक्टोबर

दोन दिवस खपून सहावा नीट केला. वरच्या दोन पत्र्यांचे स्क्रू मोभापर्यंत सैल केले, जुनी भोकं पडलेला तुकडा कापून बदलला, उष्णता अडवायला पत्र्याखाली घातलेला कापूस ओला झाला होता, तो काढून टाकला. नवी पट्टी वीतभर पत्र्याखाली सरकवली. टेप. स्क्रू फक्त उंचवट्यांवर, आणि हळू आवळलेले. खालची कड उघडी ठेवली, आत आलंच थोडं पाणी तर जायला वाट हवी. धाकटा करतो तसं सगळं. एकेक पायरी तो कशी करायचा ते आठवत केलं. पन्नाशी उलटल्यावर धाकट्या भावाची नक्कल करतोय, आणि ती जमली की आनंद होतोय.

तासभर पाणी मारलं. काका कान लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "नुसता पत्र्याचा आवाज. आत काही नाही."

बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. म्हणाल्या, "भावाची चूक तुम्ही निस्तरलीत, मिस्त्री. असा थोरला भाऊ मिळायला भाग्य लागतं."

जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं आजवर नुसतं ऐकलं होतं. तोंड उघडलं. वाटलं, आता सांगतो. आणि तोंडातून निघालं काय, तर "कर्तव्यच आहे." कर्तव्यच आहे! शिडी खांद्यावर घेऊन घरी येईपर्यंत ते दोन शब्द माझ्या मागे मागे येत होते.

२१ ऑक्टोबर

काल रात्रभर पाऊस. सकाळी बाईंचा फोन, बादली कोरडी. आणि समितीने म्हणे माझ्या आभाराचा कागद सूचनाफलकावर लावलाय, येऊन बघा.

गेलो. आपल्या स्तुतीचा कागद वाचायला माणूस जातो तसा नाही गेलो. काय लिहिलंय ते बघायला गेलो. "आधीच्या कारागिराच्या सदोष कामामुळे झालेली गळती मिस्त्रींनी आपुलकीने दूर केली." खाली चार सह्या. लोक येता जाता वाचत होते. धाकट्याची पोरगी याच रस्त्याने शाळेत जाते.

तो कागद फाडावा असं वाटलं. फाडून काय सांगणार? उभा राहिलो आणि एका ओळखीच्याने पाठीवर थाप मारली, तर हसलोसुद्धा.

खाई त्याला खवखवे. दोन दिवस जेवण जात नाही. बायको विचारत नाही, काय झालं म्हणून. नवऱ्याचं अन्न तुटलं तरी हिला पत्ता नाही. ताट उचलते आणि म्हणते, "अजून सात दिवस आहेत." कशाला सात दिवस, विचारलं तर म्हणे, "पंखा दुरुस्त होऊन यायला." पंख्याचा माणूस तर उद्या येतो म्हणाला होता.

२३ ऑक्टोबर

आज सांगायचं ठरवून गेलो. धाकटा कपाट सुटं करत होता. प्रत्येक स्क्रू काढून छोट्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. मीही एक बाजू धरली. दोघांनी मिळून कपाट उतरवलं, एकही शब्द न बोलता. आमचे हात एकमेकांना अजून ओळखतात. तो कधी उचलणार, मी कधी सोडणार, सांगावं लागलं नाही. ते इतकं छान वाटलं की मला ते मोडवेना. सांगितलं असतं तर मोडलं असतं.

परत आलो. दारात बायको उभी होती. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत गेली.

२५ ऑक्टोबर

न सांगण्याची कारणं एका कागदावर लिहून काढली. तो आता जातोय, नवं काम आहे, जुनं उकरून काय उपयोग. पुस्तकं परत येणार नाहीत. गळती थांबली आहे. माझं नाव गेलं तर काम जाईल. त्याने तर माफ केलंच असेल.

शेवटचं वाचून माझं मलाच हसू आलं. त्याला माहीतच नाही, तो माफ कशाला करेल?

कागद बायकोने टेबल पुसताना उचलला. वाचला की नाही, कळलं नाही. घडी घालून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "उद्या हाच सदरा घाला, धुतलेला आहे. आणि जाऊन या." कुठे, ते सांगितलं नाही. घाईत राहिलं असेल.

२६ ऑक्टोबर

सांगितलं.

खोलीत दोन खोकी होती, एकावर तो, एकावर मी. भावजय बाहेर गेली होती. मी आठ वर्षांपूर्वीची वही बरोबर नेली होती. तोंडाने सांगताना मी काहीतरी सावरून घेणार, ही माझी मला खात्री. वही उघडून पुढे केली. म्हटलं, वाच.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. बोट ठेवून एकेक ओळ. मला वाटलं ओरडेल, वही तोंडावर मारेल. त्याने मारावी म्हणून मी मान पुढे केलेली होती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

"वरून बसवलीस?" एवढंच विचारलं.

"हो."

"माझी काढून?"

"हो."

त्याने वही मिटून मांडीवर ठेवली. नंतर बोलला ते माझ्याशी नव्हतं, खोलीशी असल्यासारखं. "तीन वर्षं मी ती पट्टी रोज बसवतोय. झोपायच्या आधी डोळे मिटून. पत्रा सैल केला, टेप लावली, सरकवली, स्क्रू. प्रत्येक वेळी बरोबर बसते. मग गळलं कसं? चूक सापडेना. मला वाटायला लागलं, आपले हातच खोटे आहेत. करतात एक आणि आपल्याला वाटतं दुसरं. अशा हातांवर भरवसा ठेवून वर कसा चढणार रे, दादा?"

मला वाटलं होतं तो माझ्यावर रागावून सोडून गेला. राग असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी म्हटलं म्हणून चूक त्याचीच, असं तो धरून चालला, आणि तो गरगरतंय म्हणाला तेव्हा मी त्याला वयाच्या गोष्टी सांगितल्या.

मी म्हटलं, "मला माफ कर."

तो म्हणाला, "उद्या दहाला ग्रंथालयात ये. बाईंना सांग. माझ्यासमोर. मला ऐकायचंय."

२७ ऑक्टोबर

दहाला गेलो. तो आधीच येऊन फलकापुढे उभा होता, तो कागद वाचत. मीच टाचण्या काढल्या, कागद खिशात घातला आणि आत गेलो.

बाई टेबलाशी, काका खुर्चीत, चार-सहा वाचणारे. मी उभ्यानेच सांगितलं. पट्टी धाकट्याने बरोबर बसवली होती. मी काढली, मी चुकीची बसवली. पुस्तकं माझ्यामुळे भिजली. तीन वर्षांपूर्वी इथे उभा राहून मी भावाचं नाव घेतलं तेव्हा मला ठाऊक होतं. "ठाऊक असावं" असं म्हणणार होतो. धाकटा माझ्याकडे बघत होता. "ठाऊक होतं" म्हणालो.

कुणीतरी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाईंचे कान लाल झाले. उठून धाकट्यापुढे गेल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला खुर्चीसुद्धा दिली नव्हती." काकांनी हात पुढे करून हवेत चाचपला, धाकट्याचा हात सापडला तसा दोन्ही हातांत धरला आणि तळव्यावरून बोटं फिरवत राहिले.

धाकट्याने विचारलं, "बाकीच्या पाच?"

बाई म्हणाल्या, "आठ वर्षांत एक थेंब नाही."

त्याने वर पाहिलं. पहिल्या स्कायलाइटखाली गेला, मान वर. मग दुसऱ्याखाली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. सगळं ग्रंथालय त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला भान नव्हतं. सहाव्याखाली तो थांबला नाही, सरळ दाराकडे आला.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हटलं, "जाऊ नकोस. राहा. पुन्हा मिळून करू. शेवटचा हात तुझा."

तो म्हणाला, "नाही दादा. तुझ्याबरोबर नाही."

आवाजात कडूपणा नव्हता. एखादं माप सांगावं तसं सांगितलं. मग खिशातून फोन काढला, दोन पायऱ्या खाली उतरला आणि मेहुण्याला लावला. "ते गोदामाचं छप्पर गळतंय म्हणाला होतास ना? बाहेरचा माणूस सांगू नकोस. मी चढतो. हो. येतं मला ते काम. येतं म्हणजे येतं."

मी वरच्या पायरीवर बसलो होतो. मला रडू आलं. फोन ठेवून त्याने वळून पाहिलं, मी रडतोय ते त्याला दिसलं. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, आणि मग घराच्या रस्त्याला लागला.